नाना मेजरांचा रिकामा चौथरा

खंडेनवमीला आमच्या कडेगावात ज्याचं जे हत्यार असेल त्याची पूजा होते. कुणी ट्रॅक्टरला हार घालतो, कुणी कोयत्याला, शिंपी शिलाई मशीनला. मी माझ्या औषधाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला कुंकू लावतो. आमचे शेजारी नाना मेजर मात्र सिमेंटच्या एका रिकाम्या चौथऱ्याला हार घालतात. हळद, कुंकू, नारळ, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. चौथऱ्यावर काहीही नसतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "नाना, पूजा कुणाची?"

"मशीनची."

"मशीन कुठाय?"

"यायचं हाय."

"कधी?"

"कंचं आणायचं ते ठरलं की लगीच!" नाना म्हणाले आणि घाईघाईने नारळ फोडायला गेले. त्यानंतर किती नारळ फुटले, चौथरा आपला तसाच.

आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या माणसाला गाव आपल्या अधिकारात मेजर करून टाकतं. नाना लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी औषधं विकणारा माणूस, पण गाव मला डॉक्टर म्हणतं. म्हणजे आम्ही दोघंही सरकारला न विचारता बढती मिळालेले, आणि एका भिंतीला भिंत लावून राहणारे.

नानांना एका जागी बसता येत नाही. बसलेच तर त्यांचा उजवा पाय असा हलतो की माझ्या काउंटरवरच्या खोकल्याच्या बाटल्या किणकिणायला लागतात. शर्टाच्या खिशात माप घ्यायचा व्हर्नियर. नाना तो कशालाही लावतात. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी पंगतीत जिलेबीची जाडी मोजली आणि आचाऱ्याला बोलावून सांगितलं, "हातात सफाई न्हाई गड्या. एक जाड, एक बारीक." आचारी त्यांच्याकडे आणि मी दुसरीकडे बघत राहिलो.

तर या नानांच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. फौजेतून आल्यावर घरच्या घरी एक छोटं वर्कशॉप टाकायचं, असा त्यांचा बेत. शेड झाली, टेबल झालं, पाने-पकडी भिंतीवर ओळीने लागल्या. चौथराही झाला, आणि त्यात ड्रिलसाठी चार आणि मिलिंगसाठी चार असे दोन्ही मापांचे बोल्ट बसवून झाले. राहिलं एकच. लोखंडाला भोक पाडायला साधं उभं ड्रिल मशीन घ्यायचं, का मिलिंग मशीन घ्यायचं?

तुम्ही म्हणाल, भोक ते भोक. मीही तसंच म्हणालो होतो. त्या दिवशी संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी नानांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि बिलाचं पुस्तक पुढ्यात ओढलं.

"हे बगा डाक्टर. ह्यो पेन म्हंजे बिट, आन् ह्ये पुस्तक म्हंजे लोखंडाची पट्टी. ड्रिलमदी पेन नुस्ता खाली-वर हुनार. पट्टी तुमी हातानं सरकवायची, खुणेवर पंच मारायचा, दांडा वडायचा. कर्रर्र! कीस भाईर, काम खल्लास. हाताला कळतंय लोखंड कसं जातंय त्ये."

"मग घ्या की ड्रिल."

"आन् दुसरं भ्वाक?" नानांनी डोळे मोठे केले. "दोन भोकांमदलं अंतर कोण धरणार? मिलिंगला काय, पट्टी टेबलाला आवळायची आन् टेबलच चाकानं सरकवायचं. चाकावर आकडं असत्यात. मापात फिरवा, भ्वाक तितंच पडनार. केसभर हिकडं न्हाई का तिकडं न्हाई."

"मग मिलिंग घ्या."

"घेतो की! पर त्ये धूड शेडमदी आननार कोण? तेला थ्री फेज लागती. आपली थ्री फेज येती कवा, तर घुबडं उठल्यावर. आन् एका भोकासाटी यवढी बांधाबांध? तवर ड्रिलवाला धा भोकं पाडून च्या पिऊन येतोय."

मागे उभी असलेली एक बाई कळवळून म्हणाली, "मेजर, डोकं दुखतंय माजं. गोळी तरी घीऊ द्या की." नानांनी तिला वाट दिली आणि जाता जाता तिलाही विचारलं, "तुमाला काय वाटतंय, ड्रिल का मिलिंग?"

माझा स्वभाव असा की चिठ्ठी बघायची, गोळी काढायची, विषय संपला. दुकानात उभं राहून विचार करत बसणाऱ्या माणसाचा मला राग येतो. त्यामुळे नाना माझ्या नशिबी शेजारी म्हणून का यावेत, हे मला कळत नसे. एका आठवड्यात ते ड्रिलच्या बाजूने असं काही बोलायचे की मी पटून मान डोलवायचो. पुढच्या आठवड्यात तेच नाना, तोच हलणारा पाय, आणि ड्रिल घेणारा माणूस कसा मूर्ख याचं व्याख्यान.

"आवं नाना, परवा तर ड्रिल म्हणत होता!"

"परवाचं परवा. घाईत पाडल्यालं भ्वाक बुजत न्हाई, डाक्टर."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. यापुढे बोलणं खुंटायचं.

याचा खरा ताप होता नानांच्या बायकोला, शालनकाकूंना. त्यांना स्वयंपाकघरात एक फळी हवी होती. फळी तयार होती, पण ती ज्या लोखंडी अँगलवर बसायची त्याला भोकं नव्हती. भोकं आता मशीनवरच पाडायची, हाताच्या ड्रिलने वेडीवाकडी पाडायची नाहीत, असा नानांचा हुकूम. म्हणून फळी पलंगाखाली, फळीवरचे डबे ओट्यावर आणि ओट्यावरचा मिक्सर देव्हाऱ्याच्या शेजारी. काकूंनी त्यातून मार्ग काढला होता. त्या चौथऱ्यावर सांडगे वाळत घालायच्या.

"मला बगायला आलते तवा च्या निवायच्या आत हो म्हनले," काकू मला सांगायच्या. "मशीनला मातूर मुहूर्त घावंना." पण हे म्हणताना त्यांचा आवाज रागाचा नसायचा, याचं मला नवल वाटायचं. आमच्या घरात अशी फळी चार दिवस जरी पलंगाखाली राहिली असती, तरी मी पलंगाखाली झोपलो असतो.

एकदा वैतागून मीच तडजोड सुचवली. मोबाइलवर कुठेतरी बघितलं होतं. "नाना, ड्रिलच घ्या, आणि त्याच्या बिट धरायच्या चकात मिलिंगचं हत्यार बांधा. दोन्ही कामं एकात."

नानांनी काउंटरवर अशी थाप मारली की पेढ्यांच्या डब्यात ठेवलेली सुट्टी नाणी उडाली. "डाक्टर, पुन्ना आसं बोलू नगा! ड्रिलचा चक वर नुस्ता दाबून बसवल्याला असतोय. सरळ खाली दाबताय तवर गुमान. आडवं कापाय लागलं की सुटतोय, आन् सुटला की कुनाचा न्हाई." त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर बोटभर लांब व्रण होता. "पंजाबात असताना मी ह्योच शानपना क्येला. शिवानं पट्ट्याला धरून मागं वडलं, म्हनून पाय हाय."

शिवा म्हणजे शिवराम. नानांचा फौजेतला जोडीदार, गाव आटपाडी. हे नाव मला पाठ झालं होतं, कारण कुठलाही निर्णय जवळ आला की नाना म्हणायचे, "शिवाला इचाराय पायजे." दर गुरुवारी सकाळी ते स्कूटरला किक मारून विट्याच्या रस्त्याने आटपाडी गाठायचे आणि दिवस मावळता परत यायचे. परत आले की बहुधा मत बदललेलं असायचं. मला त्या शिवरामचा मनातून संताप होता. मिशीवर ताव देत, खुर्चीत रेलून, आमच्या नानांना दर आठवड्याला फिरवून पाठवणारा कुणीतरी खवट म्हातारा मी डोळ्यांपुढे आणला होता.

यंदा खंडेनवमी जवळ आली आणि मी ठरवलं की आता बास. सांगलीला माझ्या साडूंचा छोटा कारखाना आहे. त्यांच्याकडे नवीन मशीन येत होतं आणि जुनं ड्रिल ते काढणार होते. मशीन उत्तम, देणारा घरचा. फक्त शुक्रवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. मी साडूंना जवळजवळ शब्द देऊन टाकला, टेम्पोवाल्याशी बोललो आणि बुधवारी संध्याकाळी पेढे घेऊनच शेजारी गेलो.

"नाना, तोंड गोड करा. शनिवारी तुमचं ड्रिल येतंय."

नानांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. आनंद राहिला बाजूला, माणूस घाबरला होता. शेडमध्ये दोन फेऱ्या मारल्या, भिंतीवरचा एक पाना काढला, पुसला, परत लावला. "शनिवारी? यवढ्या तातडीनं? आवं, शिवाला न इचारता कसं..."

"मग विचारा फोन करून आत्ता!"

"फोनवर तो बोलत न्हाई."

मी काकूंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या तरी माझ्या बाजूने बोलतील, फळीची आठवण करून देतील. काकूंनी चौथऱ्यावरचे सांडगे गोळा केले आणि हळूच म्हणाल्या, "डाक्टर, उद्या गुरुवार हाय. तुमी जावा ह्यांच्यासंगं एकदा. मग बोला सांगलीला."

गुरुवारी दुकान भावाकडे सोपवून मी नानांना माझ्या गाडीतून नेलं. विटा गेलं, भिवघाट गेला, ऊस संपून माळ लागला आणि मग डाळिंबाच्या बागा. रस्ताभर नाना खिडकीची काच खाली करत होते आणि वर करत होते. मी मनात शिवरामशी भांडणाची तयारी करत होतो.

आटपाडीच्या कडेला, बागेच्या तोंडाशी, दोन खोल्यांचं घर. सोप्यात बाजेवर एक माणूस उशीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. चेहरा एका बाजूला जरा ओढलेला. आम्हाला बघून त्याचे डोळे हलले, बाकी काही नाही.

"शिवा, कसा हायस रं?" नानांनी बाजेवर बसत विचारलं.

उत्तर नाही. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलेल्या शिवरामच्या बायकोने मला खालच्या आवाजात सांगितलं, "अंगावरनं वारं गेलंय ह्यांच्या. आता हिंडत्यात जरा काठी घीऊन, पर बोलनं गेलं. समजतंय सगळं. सांगलीचं डाक्टर म्हनलं, बोलतं ठिवा, न्हाईतर हाय त्येबी जाईल. आमी बोलतो, पर ह्ये मान हलवत्यात नुसती." मी औषधं विकणारा माणूस. यासाठी कोणत्या गोळ्या असतात ते मला ठाऊक होतं, आणि गोळीने शब्द येत नाहीत हेही ठाऊक होतं.

तिकडे नानांचं सुरू झालं होतं. "शिवा, ड्रिल घ्यायचं म्हनतोय मी."

शिवराम गप्प.

"ड्रिलच बरं. आन् काय करायचं, तेच्याच चकात मिलिंगचं हत्यार बांधायचं. आडवंबी कापायचं, भ्वाकबी पाडायचं. एका मशीनमदी दोन कामं. काय?"

मी ताडकन नानांकडे बघितलं. चक पडतो म्हणून माझ्या काउंटरवर थाप मारणारा, नडगीवरचा व्रण दाखवणारा हाच माणूस! मी तोंड उघडणार, एवढ्यात शिवरामच्या बायकोने माझ्या बाहीला हात लावला आणि मानेने नको म्हणाली.

शिवरामच्या कपाळावर आठी पडली होती. डावा हात उशीवरून उचलला गेला. ओठ हलले, अडले, परत हलले. "च... चक..."

"काय झालं चकला?" नाना अगदी निष्पाप.

"चक... प... पडतोय!"

"छ्या! कशानं पडतोय? मस घट्ट बसतोय."

"पड... पडतोय, गा... गाढवा!" शिवरामचा डावा हात नानांच्या नडगीकडे गेला आणि त्याने तिथे बोट टोचलं. "हितं! हितं... पडला... न्हवं?"

दारात उभी असलेली ती बाई पदराने डोळे पुसत हसली. "गेल्या गुरुवारपासनं ह्योच पयला सबुद," ती मला म्हणाली. "भावजी आलं की चुकीचं कायतरी बोलत्यात. बरं बोललं तर ह्ये मान हलवून गप. चुकलं की ह्यांना ऱ्हावत न्हाई."

तेव्हा मला ते आठवडे कळले. शिवराम आज कोणत्या बाजूला असेल हे आधी ठाऊक नसायचं, म्हणून नाना दोन्ही बाजू तयार करून यायचे. तालीम माझ्या दुकानात व्हायची. मी मात्र हा माणूस गोंधळलेला आहे असं गावभर सांगत सुटलो होतो.

पुढे बराच वेळ ते चाललं. नाना एक चूक फेकायचे आणि शिवराम ती घाम गाळत दुरुस्त करायचा. पंच न मारता भोक पाडायचं, पट्टी हाताने धरून पाडायची, असलं काहीबाही. एकेका शब्दाला तो माणूस विहिरीतून बादली ओढावी तसा वाकत होता, पण ओढत होता. वेलदोड्याचा चहा आला. मीही न राहवून म्हणालो, "आमच्या साडूंचं ड्रिल आहे सांगलीला. चांगलं आहे. मिळतंय."

शिवरामने माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. बराच वेळ विचार केला. मग शांतपणे म्हणाला, "घे."

"काय घे?" नानांनी विचारलं.

"ड्रिल... घे. चां... चांगलं."

भांडण संपलं होतं. दोघांचं एकमत झालं होतं, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. नाना उठून उभे राहिले, परत बसले. व्हर्नियर खिशातून काढला, उघडला, मिटला. मला वाटलं, मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. मग नाना एकदम गरजले.

"ड्रिल? खुळा झालास का रं? आन् दोन भोकांमदलं अंतर काय तुजा बा धरनार? मिलिंगच घेनार मी! मिलिंगला कायबी लागत न्हाई, घरच्या लायटीवर चालतंय!"

शिवरामचे डोळे विस्फारले. डावा हात पुन्हा उशीवरून उठला. "थ्री... थ्री..."

"काय थ्री?"

"थ्री फे... फेज!"

त्या बाईने सुटकेचा श्वास सोडला आणि कप गोळा करायला वाकली. मी अंगणात जाऊन सांगलीला फोन लावला आणि साडूंना सांगितलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या. साडू वैतागले. मी सांगितलं की अजून ठरत नाही.

परत येताना कडेगाव जवळ येईपर्यंत नाना व्हर्नियर उघडत-मिटत होते. मग काच खाली करत म्हणाले, "वर्कशॉप आमा दोगांचं व्हतं, डाक्टर. पेन्शनीत आल्यावर तो हिकडंच येऊन ऱ्हानार व्हता. पयलं मशीन कंचं, ह्येच्यावर आमची भांडणं. आठ दीस तो फुगून बोलला न्हाई, मीबी बोललो न्हाई. आन् मग तिकडनं सांगावा आला, वारं गेलं म्हनून." त्यांनी काच वर केली. "भांडान आर्धं ऱ्हायलंय. त्ये मी संपू देत न्हाई बगा."

खंडेनवमीला या वर्षी झेंडूचा हार मी नेला. काकूंनी चौथरा धुऊन ठेवला होता. मी त्यांना म्हणालो, "काकू, तुमच्या फळीचं काय?" तर म्हणाल्या, "डबं काय कुटं पळून चाललं न्हाईत." नानांनी आठही बोल्टांना कुंकू लावलं, चारही ड्रिलच्या आणि चारही मिलिंगच्या, आणि नारळ हातात घेऊन ते शेडमध्ये फेऱ्या मारत होते. तेवढ्यात काकूंच्या हातातला फोन वाजला.

शिवरामच्या बायकोचा आवाज होता. "भावजी हाईत का? थांबा, ह्ये..." आणि मग खुडबुड, कुणीतरी फोन हातातून घेतल्यासारखी. मग बराच वेळ नुसता श्वास. काकूंनी फोनचा स्पीकर मोठा करून नानांपुढे धरला.

"ना... नान्या."

नानांच्या हातातला नारळ चौथऱ्यावर टेकला.

"नान्या... मि... मिलिंग... नगं."

नाना चौथऱ्याच्या कडेवर बसले, हाराच्या शेजारी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी त्यांच्या पायाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हलत नव्हता.

"का नगं रं?" नानांनी विचारलं. आवाज भांडखोर ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. "सांग की. का नगं?"

आणि काकूंच्या हातातला फोन घेऊन, तो कानाला लावून, अजिबात घाई न करता, ते वाट बघत बसले.